एका स्वेटरातल्या दोन आया

प्रिय नलू,

शुक्रवारी दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी, तुझ्याच जेवणाच्या टेबलावर, तुझं खोटं उघडं पडलं. वेळ नक्की सांगते आहे, कारण त्या क्षणी समोरच्या घड्याळाशिवाय कुणाकडेही बघवत नव्हतं. 'प्रिय' हे सवयीने लिहिलंय. त्यावर फार विसंबू नकोस.

तू गेलीस, मी रडले. ठाण्याला तुझे दिवस केले. मग व्हिजिट व्हिसा काढून इथे सौदीत, अबकैकला येऊन राहिले, तुझ्या नवऱ्याला कुकर लावायला शिकवलं. या सगळ्यात तुला पत्र लिहावं असं एकदाही वाटलं नाही. आज वाटतंय, कारण मला भांडायचंय आणि भांडायला तू जागेवर नाहीस. अगदी वेळ साधून निघून गेलीस, नाही का?

तर ऐक. वसईची ब्लॉसम जेवायला आली होती. नवरा खफजीला, समुद्रातल्या तेलाच्या कामावर अडकलेला, म्हणून लेकीला घेऊन स्वतःच गाडी हाकत आली. येताना हमूर माशाचं कालवण घेऊन. तिची एस्थर आणि आपली मेई, दोघी शेजारी बसल्या. तू कॅनडात असताना चीनमधून मेईला दत्तक आणलंस, आणि मग दोन वर्षांनी तुझ्याच सांगण्यावरून ब्लॉसमने एस्थरला आणलं. आता चीनने ते दारच लावून घेतलंय, आणि तुझ्याकडे सल्ला मागायला येणारी कुटुंबं केव्हाच थांबली. पण त्या वेळी आणलेल्या मुली मोठ्या झाल्या आहेत, आणि प्रश्न विचारतात. याचा विचार तू केला होतास?

मेई एकोणीस वर्षांची झाली. पुढच्या शुक्रवारी ती चीनला जाणार आहे, जन्मदात्या आईला शोधायला. एस्थरने विचारलं, "तिथे जाऊन करणार काय नेमकं?"

"बाजारात उभी राहणार. जिथे सापडले तिथेच. चिनी भाषेत पोस्टर छापून घेतलंय. माझा लहानपणचा फोटो, जागा, आणि तिचं वर्णन."

"तिचं वर्णन तुला कसं माहीत?"

"अनाथालयातल्या बाईने ममाला सांगितलं होतं. ती भाजीच्या गाडीमागे उभी होती. कुणीतरी मला उचलेपर्यंत हलली नाही. हिरवा स्वेटर घातलेला, आणि..."

"आणि वरून दुसरं बटण तपकिरी," एस्थर म्हणाली.

मेई हसली. "म्हणजे मी तुला आधी सांगितलंय."

"नाही सांगितलंस. ती माझी आई आहे."

घड्याळात दोन वाजून दहा मिनिटं.

तुझ्या प्रकाशरावांनी भाताचा घास घेतला, सावकाश चावला आणि म्हणाले, "चीन केवढा मोठा देश आहे. हिरवे स्वेटर काय थोडे असतील?"

"आणि तपकिरी बटणं, प्रकाशराव? ती काय सरकारच वाटतं तिथे?" मी म्हटलं.

"ताई, तुम्ही जरा वरण घ्या."

मी ब्लॉसमला विचारलं, "दोघी एकाच अनाथालयातल्या का?"

"छे हो, विजूताई. ही एका टोकाची, ती दुसऱ्या." तिचा चेहरा उतरला होता. "मला नलूताईनेच सांगितलेलं. तिने म्हणे तिथल्या बाईला फोन लावून विचारून घेतलेलं. देवाशप्पथ, मी एक शब्द पदरचा घातला नाही."

मी तिच्यावर विश्वास ठेवला. नोकरीभर मी कस्टममध्ये खरं-खोटं ओळखायचंच काम केलं आहे. विमानातून उतरलेल्या दोन अनोळखी बायका जेव्हा एकाच मावशीने लग्नात दिलेल्या बांगड्यांची गोष्ट सांगायला लागायच्या, तेव्हा मी त्यांच्या बॅगा नंतर उघडायची. आधी त्यांना पढवून पाठवणारा कोण ते शोधायची. खरी माणसं बटणापर्यंत सारखं बोलत नाहीत, नलू.

आणि पढवणारी कोण, हे मला त्या बटणावरूनच कळलं.

तो स्वेटर आपल्या आईचा होता. बाबा गेले त्या वर्षी आईने आपल्याला कॉन्व्हेंटच्या बोर्डिंगमध्ये सोडलं, कारण टेलिफोन एक्स्चेंजमधल्या पाळ्या सांभाळून दोन मुली सांभाळणं तिला जमेना. तू सात वर्षांची, मी बारा. तिने स्वतः विणलेला हिरवा स्वेटर घातला होता. त्याचं एक बटण हरवलं होतं, तिथे तिने बाबांच्या कोटाचं तपकिरी बटण लावलं होतं. सिस्टर आपल्याला आत घेऊन गेल्या तेव्हा तू माझा हात सोडून जिन्याच्या खिडकीशी धावलीस आणि ओरडलीस, "ताई, आई अजून उभी आहे!" ती फाटकाबाहेर पेरूवालीच्या गाडीमागे उभी होती. आपण दिसेनासे होईपर्यंत ती हलली नाही.

ती आठवण आपल्या दोघींची होती. मी ती कुणाला सांगितली नाही. नवरा नाही, मूल नाही, सांगणार कुणाला? पण नसती सांगितली तरीही. आणि तू ती उचलून पेरूंच्या जागी भाजी ठेवलीस आणि परक्या देशातल्या बाजारात उभी केलीस. एकदा नाही, दोनदा. आणखी किती घरांत आपली आई उभी आहे? ज्या ज्या बाईने तुझ्याकडे बसून चहा घेतला आणि विचारलं की मुलीला काय सांगू, त्या प्रत्येकीला तू आपली आई बांधून दिलीस का?

"कदाचित तुझ्याही लक्षात राहिलं नसेल, नकळत मिसळलं असेल," असं मी स्वतःला सांगून पाहिलं. अर्धा तास टिकलं. मग आठवलं की मेईच्या आईची ही गोष्ट तू मलाही सांगितली होतीस. भाजीची गाडी होती. न हलणं होतं. मी फोनवर रडले होते. पण माझ्या गोष्टीत स्वेटर नव्हता, नलू. मी ओळखेन म्हणून तो तू गाळलास. चुकून खोटं बोलणारा माणूस गाळत नाही.

आणि तू कोण होतीस? तू नियमांची बाई. मेईला आणलंस तेव्हा मी रजा काढून कॅनडाला आले, थंडीत कुडकुडत. दारातच तू सांगितलंस, "ताई, तिला उचलू नकोस हं. पहिले काही महिने आईबापाशिवाय कुणी नाही. तिला कळलं पाहिजे आपली माणसं कोण." तीन आठवडे मी त्या पोरीला लांबून बघितलं. ती माझ्याकडे हात पसरायची आणि मी हात मागे बांधून उभी राहायची. तिची अनाथालयातली झबली धुवायचीसुद्धा बंदी, कारण त्यांना तिचा ओळखीचा वास. तिचं नाव बदलायचं नाही, म्हणून आपले सगळे नातेवाईक दीड वर्षाच्या पोरीला 'माई' म्हणायला लागले. 'किती नशीबवान मुलगी' असं कुणी म्हटलं की तू त्याला तिथल्या तिथे झापायचीस. मी ते सगळं ऐकलं. मला पटलंही.

आणि तुझा सगळ्यात मोठा नियम? माझ्यासमोर तू किती आईबापांना सांगितलास: मुलाला त्याच्या जन्माबद्दल खोटं सांगू नका. जे माहीत नाही ते 'माहीत नाही' असंच सांगा. नंतर गोड गोष्ट कोसळली तर तुम्हीही तिच्याखाली जाल.

शुक्रवारी कोण कोण खाली गेलं ते सांगते. ब्लॉसम आणि एस्थर चहा न घेता निघाल्या. गाडीत त्या एकमेकींशी बोलल्या की नाही, देव जाणे. मेई तिच्या खोलीत गेली. मी मागे गेले. ती मराठीत बोलते ती फक्त माझ्याशी, तीही माझं इंग्रजी तिला मेमसाहेबी वाटतं म्हणून.

"मावशी, तुला माहीत होतं?"

"नाही."

"खोटं."

"मी खोटं बोलत नाही, मेई."

"ममा पण हेच म्हणायची."

मग ती पलंगावर पाय घेऊन बसली आणि म्हणाली, "शाळेत अरबीच्या टीचरने एकदा शिकवलं होतं. अनाथ मुलाला जो सांभाळतो त्याला इथे कफील म्हणतात. मोठं पुण्य असतं म्हणे. मी घरी येऊन सांगितलं तर पप्पा हसत सुटले. म्हणाले, कफील म्हणजे माझी कंपनी, जिच्या हातात माझा इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, आहे. आणि तुझ्या इकाम्यावर तुझा कफील मी." तिने उशी मांडीवर घेतली. "तेव्हा मी पण हसले होते. आता वाटतं, मला सगळे कफीलच मिळाले. एक आई होती, हिरव्या स्वेटरवाली. ती पण ममाने बनवलेली."

मी त्या पोरीला जवळ घेतलं. आता मनाई करायला तू नव्हतीस. तिने घेऊ दिलं, पण अंग लाकडासारखं. तिकीट रद्द करते म्हणाली. पोस्टरवर आता लिहायचं काय?

संध्याकाळी प्रकाशराव मला म्हणाले, "ताई, खलास. विषय वाढवू नका. पोर लहान होती, रोज विचारायची, मला टाकून ती वळून न बघता गेली का? नलूच्याने बघवेना. एक दिवस म्हणाली, नाही गं, वळून बघितलं. नुसतं बघितलं नाही, उभी राहिली."

म्हणजे त्यांना माहीत होतं. म्हणजे या घरात फक्त आम्ही दोघी मूर्ख होतो, मी आणि मेई.

आणि हो, ते ऐकून मी थोडी विरघळले, ते तुझ्यापासून लपवत नाही. पाच वर्षांच्या मुलीच्या डोळ्यांत बघून 'माहीत नाही' म्हणणं अवघड गेलं असेल. तुला सुचलेली सगळ्यात चांगली आई तू तिला दिलीस. पण ती दहा वर्षांची झाली तेव्हा का नाही सांगितलंस? पंधराव्या वर्षी? तिने पोस्टर छापायची गोष्ट काढली तेव्हा तू हिंडतीफिरती होतीस. प्रकाशराव म्हणतात, अनुवाद करणाऱ्याचा नंबर तूच शोधून दिलास. तेव्हा तरी सांगायचं होतंस. आणि ब्लॉसमने काय घोडं मारलं होतं? एका मुलीचं दुःख बघवेना हे समजतं. दुसरीला तीच गोष्ट पुरवणं ही दया नव्हे, सोय झाली.

आणि मी? माझ्याशी तू कधीही काहीही बोलू शकली असतीस. मी ओरडले असते. दोन दिवस फोन घेतला नसता. मग म्हटलं असतं, बरं, आता पोरीला कसं सांगायचं ते बघू. तुला माझ्या तोंडाची एवढी भीती होती?

तो स्वेटर खरा कुणाचा, हे मी मेईला अजून सांगितलेलं नाही. ते सांगितलं तर तिला एक आजी मिळेल, किंवा उरलीसुरली आईही जाईल. मला ठरवता येत नाही. प्रकाशराव म्हणतात, नकोच. तिकीट तिने अजून रद्द केलेलं नाही, बॅग अर्धी भरून तशीच पडली आहे. जायचं तर तिने सगळं जाणून जावं, असं मला वाटतं. पोस्टरवर जागा लिहावी, फोटो लावावा, आणि वर्णनाच्या जागी खरं ते लिहावं: माहीत नाही. तुझाच नियम.

माझं वचन हे, की ती परत येईपर्यंत मी इथून हलणार नाही. व्हिसा वाढवून घेईन. ती एकटी आली तर एकटीला आणि कुणाचा पत्ता घेऊन आली तर तसं, मी दम्मामच्या विमानतळावर असेन. तिने विचारलेल्या कुठल्याही प्रश्नाला मला माहीत आहे तेवढंच सांगेन, त्याहून एक अक्षरही जास्त नाही.

बाकी आता माझ्या खात्याच्या पद्धतीने. तो स्वेटर कोणाचा होता हे मी मेईला का सांगू नये, याचं लेखी उत्तर गुरुवारी संध्याकाळी पाचच्या आत माझ्या हाती पडलं पाहिजे. फोन चालणार नाही, स्वप्नात येणं चालणार नाही. मुदतीत उत्तर न आल्यास तुला काही म्हणायचं नाही असं धरून मी तिला समोर बसवेन आणि सगळं सांगेन.

मुदतवाढ मिळणार नाही. हवीच असेल तर मागायला स्वतः यावं लागेल.

अजून तरी तुझीच,
विजूताई