काल मँचेस्टरला तुमचं गाणं वाजलं

पप्पा, काल मँचेस्टरला तुमचं गाणं वाजलं. चार सॅक्सोफोन, तीन ट्रम्पेट, दोन ट्रॉम्बोन, पियानो, ड्रम्स, सगळं अगदी तुम्ही लिहिलं होतं तसं. मी पहिल्या रांगेत बसले होते. आता लंडनला, स्टॅनमोरच्या माझ्या किचनमध्ये बसून हे लिहितेय, चहा केव्हाच गार झालाय. मराठीत लिहायची सवय गेलीये. आई गेल्यापासून मराठी बोलायला घरात कुणी नाही, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ तुम्हीच सांभाळून घ्या.

झालं असं, की मार्चमध्ये एका मुलीचा फोन आला. मूळची नागपूरची, मँचेस्टरला मास्टर्स करते आणि तिथल्या स्टुडंट्सच्या बिग बँडमध्ये गाते. त्यांच्या बँडला कुणीतरी आजोबांच्या माळ्यावरचा नोटेशनचा गठ्ठा दिला होता. ते आजोबा लढाईच्या काळात मुंबईला सोल्जर होते आणि सुट्टीच्या दिवशी तुमच्या हॉटेलच्या बँडमध्ये ट्रॉम्बोन वाजवायचे. गठ्ठ्यातल्या एका पानावर वर तुमचं नाव आणि खाली पेन्सिलीने देवनागरी. ते अक्षर वाचता येणारी बँडमध्ये ही मुलगी एकटीच. तिने मग आपल्या बेने इस्रायल ज्यूंच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणाकुणाला विचारत मला गाठलं. फोनवर जरा बिचकतच म्हणाली, "काकू, इथे लिहिलंय, 'हा गोरा इथे नेहमी घाई करतो.' हे तुमच्या वडिलांचं अक्षर असेल का?" मी हसायलाच लागले, पप्पा, आणि हसता हसता खुर्चीत बसले. त्याला कळू नये म्हणून तुम्ही मराठीत लिहिलंत आणि त्या माणसाने तो कागद आयुष्यभर जपून ठेवला.

तुमची ती सुरुवात तुम्ही मला इतक्या वेळा सांगितलीत, की मी तिथे हजर होते असं वाटतं. दिवसा गोदीत कारकून, संध्याकाळी हॉटेलात बँडसाठी नोटेशनच्या कॉप्या काढणारे तुम्ही. लढाई सुरू होते, लंडनहून नव्या गाण्यांचे कागद घेऊन येणाऱ्या बोटी येईनाशा होतात आणि हॉटेलात नाचायला येणारी मंडळी त्याच त्या गाण्यांना कंटाळतात. तुमचा गोव्याचा बँडमास्तर एक दिवस वैतागून म्हणतो, इतकी वर्षं दुसऱ्यांची गाणी उतरवून घेतोयस, एखादं स्वतःचं उतरव. तुम्ही सोमवारी घेऊन जाता आणि शनिवारी त्यावर लोक नाचतात. 'सरक ना थोडी' हे नंतरचं. पहिलं कडवं इंग्लिश, दुसरं मराठी, आणि मधे सगळ्या बँडने मिळून ओरडायचं, "सरक ना थोडी, सरक ना!" आई सांगायची, की ते गाणं रेडिओवर लागलं आणि मग भायखळ्याला बेकरीतला माणूससुद्धा पाव बांधताना ते गुणगुणायचा. लग्न ठरवायला तुम्ही गेलात तेव्हा तिच्या वडिलांनी विचारलं होतं, मुलगा करतो काय. तुम्ही उत्तर द्यायच्या आत आतल्या खोलीतून तिची धाकटी बहीण ती ओळ गायली आणि तिला मार बसला.

मला आठवतात ती मात्र वेम्बलीची वर्षं. दारूबंदी आली, हॉटेलांची मजा गेली, बँड फुटला. मी नऊ वर्षांची असताना तुम्ही आम्हाला इथे आणलंत, कारण हे सगळं संगीत जिथून यायचं तिथेच आपण आलो, असं तुम्हाला वाटलं होतं. दुसऱ्याच आठवड्यात तुम्ही एकुलता एक चांगला सूट घालून गाण्यांची फाइल घेऊन संगीत छापणाऱ्यांच्या गल्लीत गेलात. तिथल्या एका माणसाने दोन गाणी नीट ऐकून घेतली. मग तो माणूस सभ्यपणे म्हणाला, गाणी फार सुंदर आहेत, पण तुम्ही पंधरा वर्षं उशिरा आलात. आता चार पोरं आणि तीन गिटार एवढ्यात सगळं भागतं. घरी येऊन तुम्ही हे आईला हसत हसत सांगितलंत. मी टेबलाखाली बसले होते, तिथून तुमचे बूट दिसत होते. ते तुम्ही किती तरी वेळ काढले नाहीत.

मग बसवर कंडक्टर झालात. स्टॉपची नावं तुम्ही तालात पुकारायचात आणि शाळेच्या मैत्रिणी त्याच बसमध्ये असल्या की मी खिडकीकडे तोंड फिरवायचे. शुक्रवारी दिवे लावून झाले, जेवणं झाली, की तुम्ही किचनच्या टेबलावर बोटांनी ठेका धरायचात. एकदा आईच्या वाढदिवसाला मी कार्डावर चार ओळी लिहिल्या, तेव्हा चौदा वर्षांची असेन. तुम्ही वाचल्यात आणि म्हणालात, "यमक जुळलं म्हणजे गाणं झालं नाही. या ओळीवर माणसाने पाऊल कुठे टाकायचं ते सांग." मला इतका राग आला, पप्पा. मी इंग्लिशमध्ये म्हणाले, नोबडी डान्सेस टू यॉर काइंड ऑफ साँग एनी मोअर, डॅड. कार्ड घडी करून आईच्या ताटाशी ठेवलंत. सोळाव्या वाढदिवसाला मला रेकॉर्ड प्लेअर हवा होता. तो तुम्ही ओव्हरटाइम करून आणलात, आणि त्याच्याबरोबर रिबीन बांधलेलं एक गाणं. रेकॉर्ड प्लेअर मी दहा वर्षं वापरला. गाणं कुठे गेलं, मला माहीत नाही.

तर त्या मुलीला गाणं बसवायचं होतं आणि तिच्याकडे शब्द अर्धेच होते. इंग्लिश कडवं आणि ओरडायची ओळ पियानोच्या कागदावर होती. दुसरं पान गायब. तिने विचारलं, "काकू, मराठी कडवं तुम्हाला येत असेल ना?" मी म्हणाले, येतं की, उद्या पाठवते. इतक्या सहज म्हणाले. फोन ठेवून गायला लागले आणि पहिल्या ओळीलाच अडले. चाल येत होती, शब्द नव्हते. भायखळ्याच्या मावसबहिणीला फोन केला, तिला फक्त "सरक ना" आठवत होतं. इस्रायलला तुमच्या चुलतभावाच्या मुलीला विचारलं, तिला तेवढंही आठवेना. आठ दिवस मी बागेत, दुकानात, डेंटिस्टच्या खुर्चीत ती चाल घोळवत होते. नवव्या दिवशी सकाळी बसस्टॉपवर उभी होते. बस डोळ्यांसमोरून निघून गेली आणि नेहमीसारखी मी चिडले नाही, कारण पाय ठेका धरत होते. घरी पळत आले आणि पाकिटाच्या पाठीवर लिहून काढलं:

बस गेली तर जाऊ दे ना,
मागची येईल, येऊ दे ना,
दोघांमधली वीतभर जागा
तीही आता जाऊ दे ना.

प्रत्येक ओळीवर पाऊल टाकून पाहिलं, या किचनमध्ये, सिंकपासून फ्रिजपर्यंत. बहात्तराव्या वर्षी. बसतंय याची खात्री झाल्यावर त्या मुलीला पाठवलं. खाली काहीच लिहिलं नाही. तिने तुमचं नाव घातलं.

काल दुपारी तीनचा कार्यक्रम होता. युस्टनहून सकाळचीच ट्रेन पकडली आणि ट्रॅममधून उतरून हॉलवर इतकी लवकर पोचले, की खुर्च्या अजून मांडत होते. त्या मुलीने निळी साडी आणि खाली स्पोर्ट्स शूज घातले होते. तिने वाकून नमस्कार केला आणि माझ्या हातात तुमचा तो कागद दिला. पेन्सिल अजून पुसट झालेली नाही, पप्पा. मग दिवे मंद झाले, ड्रमरने काड्या आपटल्या आणि ट्रम्पेट सुरू झाले. मला माहीतच नव्हतं हे इतकं मोठं असतं. मी तुमचं गाणं आयुष्यभर फक्त टेबलावरच्या बोटांवर ऐकलं होतं. छातीत वाजत होतं. वीस-वीस वर्षांची इंग्लिश पोरं वाद्यं खाली करून ओरडली, "सरक ना थोडी, सरक ना!" उच्चार अगदी वाईट. त्यांच्यातला ट्रॉम्बोनवाला त्याच जागी घाईत आला, आणि ती मुलगी माझ्याकडे बघून हसली. मराठी कडवं सुरू झालं तेव्हा बाजूच्या रांगेतलं एक म्हातारं जोडपं उठून मधल्या वाटेत नाचू लागलं. एक शब्द कळत नव्हता त्यांना, पण प्रत्येक ओळीवर पाऊल बरोबर पडत होतं. कडवं संपलं आणि गाणं चालू असतानाच टाळ्या पडल्या.

नंतर बँड चालवणाऱ्या बाई भेटायला आल्या. प्रोग्रामवर दोन्ही भाषांतले शब्द छापले होते, मराठीचं इंग्लिशही त्या मुलीने करून दिलं होतं. त्यावर बोट ठेवून त्या म्हणाल्या, की पहिलं कडवं छानच आहे, पण दुसरं वाचून असं वाटतं, तुझे वडील इथे खरे गीतकार झाले. ती मुलगी शेजारीच उभी होती. माझ्या तोंडाशी आलं होतं. मी "थँक यू" म्हणाले.

आज सकाळपासून त्या बाईंना दुसरं कडवं कुणाचं ते खरं सांगणारा ईमेल तीनदा लिहिला आणि तीनदा पुसला. त्याऐवजी हे तुम्हाला लिहीत बसले. पाठवायला पत्ता नाही आणि कबरीवर ठेवलं तर माळी उचलून टाकेल, म्हणून घडी करून इथेच ठेवणार आहे. पण एक गोष्ट तुम्हाला सांगायलाच हवी. कडव्यानंतर त्या टाळ्या पडल्या ना, तेव्हा मला तुमची आठवण आली नाही, पप्पा. त्या मी माझ्या म्हणून घेतल्या.