यंदाच्या आखाजीच्या रोट्या

माय, यंदा आखाजीला तुझ्या नावाची घागर भरली, आंब्याचा रस काढला, पण माठावरच्या लांब रोट्या मी केल्या नाहीत. सुनेनं केल्या. तू गेल्यापासून असं पहिल्यांदाच झालं, म्हणून सांगते आहे.

तुझं ते कणीक आपटणं अजून कानात आहे. बाभुळगावच्या घरामागे चूल पेटलेली, तिच्यावर उपडा माठ, आणि तू परातीतली सैल कणीक उचलतेस, आपटतेस, पुन्हा उचलतेस, पार तार सुटेपर्यंत. मग गोळा हातांवर झुलवत कोपरापर्यंत लांबवायचा आणि फाटू न देता माठावर टाकायचा. लग्नघरांतून तुला मुद्दाम बोलावणं यायचं. एकदा अंगात ताप असताना तू गेलीस, सोबत मी. उभं राहून पाय दुखले म्हणून मी जरा भिंतीला टेकले, तर सगळ्या बायांसमोर म्हणालीस, "हात हालते ना तुहे? मंग बिमार कायची? ऊठ!" तुझ्या लेखी हात चालेनासे झाले तरच आजार, बाकी सगळी नाटकं. मीही तेच खरं मानत आले.

तू गेल्यावर कितीतरी वर्षांनी कोरोना आला. धडधाकट माणसं गेली. मी दवाखान्यातून घरी आले, तेव्हा अख्खी आळी म्हणाली, वाचली बाई एकदाची. वाचले खरी, पण बरी काही झाले नाही. अंगण झाडलं की दम लागतो, छाती धडधडते. एखाद्या दिवशी जरा जास्त काम झालं की पुढचे दिवस अंथरुणात जातात. चहात साखर टाकली की नाही, तेही आठवत नाही. यवतमाळच्या डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या. म्हणाले, "काही जणांचं असं लांबतं, जपून राहा." रिपोर्ट मात्र सगळे चांगले, आणि त्याचंच मला इतकं वाईट वाटलं! शेजारीण दारातूनच विचारते, "रिपोर्ट त चांगले हायेत म्हन्ते, मंग काहून झोपून राह्यते व बाई?" तिच्याशी मी भांडते, तोंड अजून शाबूत आहे माझं. पण हात तर हलतात, मग तुला काय उत्तर देऊ?

आखाजीच्या सकाळी हट्टानं परातीपुढे उभी राहिले. थोडी कणीक आपटली आणि डोळ्यांपुढे अंधारी आली. सुनेनं हातातला गोळा काढून घेतला. "आई, तुम्ही जाऊन पडा बरं. मी करून राह्यली ना." तिच्या रोट्या जाड झाल्या, काही फाटल्या. तुझ्या पानात त्याच वाढल्या. मी खाटेवर पडून होते.

पडल्या पडल्या मनात आलं, बरं झालं, माय नाही. तू असतीस तर मला उठवलं असतंस, आणि मी उठलेही असते. इतकी वर्षं सणावाराला तुझ्यासाठी जीव तुटला, आणि त्या दिवशी हे असं मनात आलं. दिवसभर रडले. हा कागद कुठे धाडणार? तुला वाचताही येत नव्हतं. कुणाकडून तरी वाचून घेतलं असतंस, आणि ते ‘बरं झालं, माय नाही’ एवढं एक वाक्य मी कुणाला वाचू दिलं नसतं.