डाव्या बाजूचा आरसा

आई, आज वरसेहून पेणला निघाले आणि नागोठणं मागे पडलं तरी डाव्या आरशात नुसतं पाणी. उजवा आरसा खिडकीतून हात काढून पुसता येतो. डाव्यापर्यंत माझा हात पोचत नाही. तो आरसा तुझ्याकडे होता.

ती जुनी गाडी घेतली तेव्हा माझ्या शेजारी बसायला घरात कुणी तयार नव्हतं. बाबा तर सरळ म्हणाले, मी आपला एसटीने येतो. तू मात्र मांडीवर पिशवी घेऊन बसलीस, पेणला मावशीकडे जायचं म्हणून. एसी बंद पडलेला. पाऊस लागला की काचा आतून धुरकट व्हायच्या आणि मी घाबरून तळहाताने पुसायला जायचे. तू हातावर चापट मारायचीस. "हात नको लावू गो, तेलकट होतं." मग पिशवीतून जुन्या सुती साडीचा तुकडा काढून समोरची काच पुसायचीस. वारं यावं म्हणून खिडकी चार बोटं उघडायचीस. शेवटी ती पूर्ण खाली करून, हात बाहेर काढून आरसा. कोपरापर्यंत भिजायचीस आणि खुशीत सांगायचीस, "ट्रक हाय मागं, जाऊ दे त्याला. मागचं मी बघते, तू पुढं बघ."

एकदा समोरचं काहीच दिसेना, तरी मी गाडी रेटत होते. तू आवाजही चढवला नाहीस. "दिसत नाय तर थांबायचं. पेण कुठं पळून नाय जात." वाटेत गडब गावात एका दुकानापुढे गाडी लावली. पाऊस ओसरेपर्यंत आपण शेंगदाणे खातो आहोत, आणि तू सांगते आहेस, तुला साधी सायकलसुद्धा कुणी शिकू दिली नाही. काचेकडे बघतच सांगते आहेस.

आता माझी लेक धाटावला कंपनीत जाते, स्वतःची स्कूटर घेऊन. स्कूटर चालवताना तुला दाखवायची होती ती.

नवी गाडी शहाणी आहे. हवेचा झोत सोडला की काच स्वच्छ होते, एक बटण दाबलं की आरसा तापून थेंब वाळतात. तरी शेजारची सीट रिकामी बघून आज फार एकटं वाटलं.

हे पत्र कुठल्या पत्त्यावर टाकणार? साडीच्या तुकड्याबरोबर गाडीतच ठेवते. तुला म्हणून सांगते, लेकीला कळलं तर हसेल. आज गडबला थांबून भर पावसात उतरले, वळसा घालून डावीकडे गेले आणि तुझ्या तुकड्याने आरसा पुसला. बटण होतं गं. मला कोपरापर्यंत भिजायचं होतं.