जिना उतरताना

दि. ३ मार्च

ती. आत्यास,
सा. न. वि. वि. मी एका इटालियन कादंबरीचं इंग्रजी करतेय. त्यात एक म्हातारा जिना उतरतो, तोल जात जात. त्या चालण्याला मूळ लेखकाने एकच क्रियापद वापरलंय, बार्कोलारे. इंग्रजीत मात्र पाच-सहा: एक दारुड्याचं, एक नुकत्याच चालू लागलेल्या बाळाचं, एक धक्का बसून झोकांडी गेलेल्याचं. कुठलं घालू ते ठरत नाही. बाबांचा हल्ली तोल जातो, असं तू लिहिलं होतंस. ते नेमके कसे चालतात, बघून कळव ना. महिनाअखेर पुस्तक देते आणि येतेच.
रागावलीस तरी लोभ कमी करू नकोस.
तुझी बारकी

दि. ११ मार्च

चि. बारकीस,
अ. आ. चौथी शिकलेल्या बाईला शब्द विचारतेस, धन्य आहेस. तरी बघितलं. दादा उठताना खुर्ची धरून आधी पुढेमागे डुलतो. दारात पाय थबकतो, जणू पुढे खड्डाच आहे. वळताना अंग वळतं, पाय मागेच राहतात, मग भिंतीवर भेलकांडतो. भिंतीवर त्याच्या पंजांचा काळा पट्टा पडलाय. चाळीस वर्षं विजेच्या खांबांवर चढला, कधी घसरला नाही. आता बाथरूम गाठायचं म्हणजे दिवस जातो.
डॉक्टरने स्पष्ट सांगितलं, मेंदूचं दुखणं आहे, बरं व्हायचं नाही. फार तर सहा महिने, मग खाट. तो पायांवर आहे तोवर ये. पुस्तकातला म्हातारा कुठे पळून जात नाही.
तुझं पत्र त्याला वाचून दाखवलं, तेवढं चुकलंच माझं. लेकीच्या कामाला आपलं चालणं लागतंय म्हणून स्वारी खूश. काठी कोपऱ्यात टाकून फेऱ्या मारतो आणि मला म्हणतो, ही लिही, ही वेगळी होती. ओरडते मी. ऐकतोय थोडाच!
जेवत जा वेळेवर.
आत्या

दि. २६ मार्च

चि. बारकीस,
अ. आ. फोनवर तू रडत बसशील, म्हणून लिहिते. तुझं पत्र काल मिळालं: शब्द सापडला, पण यायला अजून पंधरा दिवस लागतील.
दादा मंगळवारी जिन्यावरून पडला. मी दूध आणायला गेले होते. तुझा म्हातारा जिना उतरतो ना, म्हणून हा बिनकाठीचा निघाला. खुबा मोडलाय. ऑपरेशन झेपायचं नाही म्हणतात. चालणं संपलं. तुला बोल लावत नाही, पत्र मीच वाचलं होतं.
जिन्याचं कळवलंस का, असं तो सारखा विचारतो. तर कळवते. खालच्या मजल्यावरचा शिंपी दारातून बघत होता. तो सांगतो, चार पायऱ्या दादा तरण्या माणसासारखा ताठ उतरला. मग कठडा सोडून त्याने मागे वळून वर बघितलं, कोणी बघतंय का म्हणून.
वर दारात कोणी नव्हतं.
लोभ आहेच, तो मागायला नको.
आत्या