पांढऱ्या गाडीवरचा पट्टा

क्रांती,

मी एसटीनं गडहिंग्लजला तुझ्या आत्याकडं चाललोय. गाडी तुझ्यासाठी ठेवलीय. निघताना रेडिएटरमधलं पाणी बघ. लगेच चालू झाली न्हाय तर चिडू नको, दोन मिनिटं थांब. पावणेतीन लाख किलोमीटर पळालेलं इंजिन हाय, त्याला पण दम लागतोय. डावीकडच्या मागच्या दाराची काच खाली घेऊ नको, परत वर येत न्हाय.

त्याच दारावर ओरखडा हाय. परवा आपल्याच गेटला घासली. तुला सांगायचं धाडस झालं न्हाय, म्हणून काल दुपारभर बसून रंग लावला, वर पॉलिश मारलं. म्हटलं, आता कुणाला कळतंय! सकाळी शेजारची पवित्रा म्हणाली, "आबा, पांढऱ्या गाडीला पिवळा पट्टा कशाला मारलाय?"

माळ्यावर रंगाचे दोन डबे हायत, एक गाडीचा, एक कपाटाचा. दोन्ही उन्हात नेऊन तीनदा बघितले. मला दोन्ही पांढरेच दिसतात.

किल्ली देवघरात हाय. आता ती तुझ्याकडंच ठेव. मी मागितली तरी देऊ नको.

आबा