फलोदीच्या कार्डांवरचे ठिपके

कर्वेनगर, पुणे
८ जानेवारी २००३

ती. आत्याआजीस,
तनयाचा शि. सा. न. वि. वि.

आधी घडले ते क्रमाने लिहिते.

१. दिवाळीत तुम्ही मला बिस्किटांच्या डब्यातून फलोदीची फोटोकार्डे दिलीत. पणजोबा तिथे रेल्वेत ड्राफ्ट्समन असताना त्यांनी स्वतः काढलेली आणि पोस्टकार्डाच्या कागदावर छापलेली. किल्ला, बाजार, विहिरी. बाकी सगळी वाळू.

२. कार्डे तिथल्या वाचनालयाला द्यायचे तुम्ही कबूल केले होते. त्याआधी मी ती स्कॅन करून मोठी करून द्यावीत, असे ठरले.

३. हिंजवडीला आमच्या कंपनीत, साहेबांना विचारून, मी ती स्कॅन केली.

४. कार्डांवर ऐंशी वर्षांची धूळ आणि बुरशी होती. हाताने काढत बसण्याऐवजी मी एक प्रोग्रॅम लिहिला. मोकळ्या जागेत ठरावीक आकारापेक्षा लहान काळा ठिपका दिसला की तो काढायचा आणि तिथे आजूबाजूची वाळू भरायची. वाळू भरपूर असल्याने काम चांगले झाले. मागच्या बाजूला लिहिलेले मात्र तसेच ठेवून अल्बमच्या शेवटी छापले.

५. मूळ कार्डे सौमित्रने कुरिअरने फलोदीला पाठवली.

६. रविवारी हडपसरला येऊन मी तुम्हाला अल्बम दिला. तुम्ही भिंग घेऊन सगळी पाने पाहिलीत. पुन्हा पहिल्यापासून पाहिलीत. मग अल्बम मिटून सौमित्रला म्हणालात की हिला चहा दे आणि बसस्टॉपवर सोडून ये.

सौमित्र वाटेत म्हणाला, आजी चिडली की चहा पाजते आणि रडायला आले की माणसाला घालवून देते. दोन्ही एकदम कुणाच्या वाट्याला आलेले त्याने पहिल्यांदा पाहिले. कारण त्यालाही माहीत नाही. मी फोन केला तर तुम्हाला ऐकू येत नव्हते. त्याच संध्याकाळी आईने केला तेव्हा येत होते. म्हणून पत्र लिहिते आहे.

छपाईत दोष असेल तर कोणत्या पानावर ते कळवावे. दुरुस्त करता येईल. तुमचा लोभ आहे असे धरून चालते. नसल्यास तेही कळवावे.

तनया


हडपसर
१२ जानेवारी २००३

चि. तनयास,
सरोजिनीचे अ. उ. आ.

पत्र पोचले. पुण्यातून पुण्यात यायला त्याला तीन दिवस लागले. नानांचे, म्हणजे तुझ्या पणजोबांचे, फलोदीहून यायचे त्यालाही साधारण तेवढेच लागत.

छपाईत दोष नाही. कागद उत्तम आहे. मी भूगोल शिकवत होते तेव्हा असा अल्बम हाती असता तर मुलींना वाळवंट एका तासात समजले असते. इतके मोकळे वाळवंट मी स्वतःही कधी पाहिले नव्हते.

तुमच्या हॉलमध्ये जरीकाठी नऊवारीतल्या बाईंचा फोटो आहे. त्या तुझ्या पणजी, नानांच्या दुसऱ्या. त्यांनी मला काही कमी केले नाही. माझी आई आधीची, गोदाबाई. मी तीन वर्षांची असताना ती फलोदीतच गेली आणि मला पुण्याला आजोळी आणून ठेवले. तिचा फोटो नाही असे सगळे समजतात, कारण ती कॅमेऱ्यापुढे बसायची नाही. परक्या गावात तोंड दाखवत कशाला बसायचे, म्हणायची. लांबून मात्र तिची हरकत नसे. आणि नाना पडले ड्राफ्ट्समन. उंची माहीत असलेली एखादी वस्तू चित्रात असल्याशिवाय त्यांना ते पुरे वाटत नसे. टेकडी केवढी, विहीर केवढी, हे बघणाऱ्याला कळायला नको? म्हणून दर वेळी ते आईला दूर नेऊन उभी करत. चार फूट दहा इंच. हे त्यांनी मला मॅट्रिकच्या वर्षी सांगितले, तेही नकाशाचे प्रमाण कसे धरतात असे मी विचारले म्हणून.

तू पुसलीस ती धूळ माझी आई होती. प्रत्येक कार्डावर.

मला ती भिंगातून दिसायची. श्रावणापासून दिसत नाही. डोळ्यांचा मधला भाग जातो आहे, कडेचा राहील म्हणतात. समोरचे थोडेफार दिसते आहे ते उन्हाळ्यापर्यंत, असे डॉक्टरांचे म्हणणे. म्हणून तुला मोठे करून मागितले. कारण सांगितले नाही. वाटले, मोठे केल्यावर तुलाही दिसेलच.

सौमित्रने फलोदीला फोन केला होता. पार्सल पोचले आहे, कपाटात आहे, कपाटाची किल्ली सेक्रेटरींकडे आहे आणि सेक्रेटरी मुलीच्या बाळंतपणासाठी सुरतेला आहेत. होळीनंतर बघू म्हणाले.

तुझ्याकडे आधीचे काही शिल्लक असेल तर बघ. नसेल तर तसे सरळ लिही. मला धीर देऊ नकोस. आणि कंपनीच्या बसमध्ये झोपून पुढे जात जाऊ नकोस; सौमित्रने सांगितले. माझे आशीर्वाद आहेत, ते चहाबरोबर संपले नाहीत.

सरोजिनी


कर्वेनगर, पुणे
१९ जानेवारी २००३

ती. आत्याआजीस,
शि. सा. न. वि. वि.

धीर देत नाही. मूळ स्कॅन नाहीत. कंपनीने कॉम्प्युटरवर डिसेंबरअखेरपर्यंत जागा दिली होती. ती मी वेळेत रिकामी केली. आमच्या टीममध्ये असे करणारी मी एकटीच.

पण प्रोग्रॅम कुठे चुकतो ते तपासता यावे म्हणून काढलेले ठिपके मी वेगळे, जागेच्या नोंदीसह ठेवते. ते घरच्या सीडीवर होते. हजारो आहेत. सगळे काळे, सगळे लहान. एकेक बघायला लागले तर काही कळेना. बसमध्ये लक्षात आले की धुळीला सावली नसते. कार्डावर बसलेल्या धुळीवर फलोदीचे ऊन पडलेले नसते. मग त्या कार्डात किल्ल्याची किंवा विहिरीची सावली ज्या बाजूला, त्याच बाजूला ज्या ठिपक्याची सावली पडते तेवढेच ठेवले. काही शेळ्या निघाल्या. त्या वगळल्यावर प्रत्येक कार्डात एकच उरला. तो मी जिथून काढला होता तिथे परत ठेवला.

चेहरा नाही. कॉम्प्युटरचे चित्र ज्या बारीक चौकोनांचे बनते, त्यातले चेहऱ्याच्या वाट्याला चार आले आहेत. सौमित्र म्हणतो की आता कॉम्प्युटरवर नाक-डोळे भरता येतात, आजीला कुठे कळणार आहे. येतात. मी भरणार नाही. एकदा माझ्या मनाने वाळू भरून झाली आहे.

आता प्रश्न आकाराचा आहे. विहिरीच्या कार्डात त्या सर्वांत जवळ उभ्या आहेत, म्हणून ते घेतले. लहान छापले तर बाई नीट दिसते, पण ते तुम्हाला दिसणार नाही. मोठे छापले तर नुसते चौकोन दिसतात. उंची तुम्ही कळवलीच होती, म्हणून मोठ्या चित्रात बाई बरोबर चार फूट दहा इंचांची केली. ऑफिसच्या कागदांवर तुकडे छापून जेवणाच्या सुट्टीत भिंतीला चिकटवले. जवळून तपासले. चौकोनच.

माझ्या शेजारी अपेक्षा बसते, यवतमाळची. ती डबा घेऊन पलीकडच्या दारातून आली आणि तिथूनच तिने विचारले की ही बाई कोण, आणि एवढ्या उन्हात लेकरू कडेवर घेऊन कायले उभी आहे.

मला लेकरू दिसले नव्हते. मी दारापर्यंत जाऊन वळून पाहिले. आहे. डावीकडे. सावलीही कमरेपाशी रुंद होते. ती मी मोजली होती, पण पदर असेल असे धरून सोडून दिली होती. कार्डाच्या मागे पणजोबांनी लिहिले आहे, विहीर, डिसेंबर १९२२. तुमचा जन्म १९२१ च्या आषाढातला. म्हणजे मी तुम्हालाही पुसले होते.

त्या दारातून मी चष्मा काढून, नजर भिंतीच्या कडेला ठेवूनही पाहिले. दोघी तरी दिसतात. तुम्हाला तसे दिसेल की नाही, हे मी सांगू शकत नाही.

मोठ्या चित्राला तुमच्या पलंगासमोरची भिंत लागेल. तिथे कपाट आहे. सौमित्र म्हणतो ते तुम्ही कुणाला हलवू देत नाही. लक्ष्मी रोडवरचा छापणारा एका तुकड्यात छापून द्यायला तयार आहे, मात्र आकार आधी सांगावा लागेल.

कपाट हलवायचे की नाही तेवढे लिहावे. लोभ आहे तेवढा असू द्यावा. उत्तर सोमवार, २७ तारखेपर्यंत माझ्या हाती यावे. टपालाचे तीन दिवस आणि सव्वीस जानेवारीची सुट्टी धरून टाकावे.

तनया