शेत देऊन घेतलेले ग्रीक

मी, जनका भिवाजी खिल्लारे, वय एकोणसत्तर, इंग्रजीची निवृत्त प्राध्यापिका, राहणार हिंगोली. डॉक्टरांनी माझ्या मूत्रपिंडांची आशा सोडली आहे. डोक्याविषयी अजून कोणाची तक्रार नाही. त्या शाबूत डोक्याने, कोणाच्याही दडपणाविना हे मृत्युपत्र लिहिते. यापूर्वी केलेले नाही.

१. आखाडा बाळापूरच्या शेतात माझा वाटा नाही. कॉन्व्हेंटमधल्या सिस्टरने मला लॅटिनची गोडी लावली होती. वडील वारल्यावर मुंबईच्या विद्यापीठात इंग्रजी साहित्य आणि जोडीला प्राचीन ग्रीक-रोमन जग शिकायचे ठरवले. भाऊ हरिचंद म्हणाला, आधी हक्कसोडपत्रावर सही कर, मग जा. बहिणी साडीवर सही करतात, मी ग्रीकवर केली. साडीही मिळाली. तिची घडी मोडलेली नाही. हरिचंद हयात नाही, तेव्हा त्याचा मुलगा भीमराज याने ती परत घ्यावी.

२. माझे ग्रीक-लॅटिन कोश व सर्व पुस्तके भीमराजची मुलगी सपना हिला. कॉलेजच्या ग्रंथालयाला एकही देऊ नये. तिथे जन्मभर शिकवले. ग्रीक नाटकाविषयी बोलू लागले की परीक्षेला नाही म्हणून पोरे उठून जात, आणि प्राचार्य त्यांचीच बाजू घेत. मी निवृत्त झाल्यावर इंग्रजी विभागच बंद केला.

३. हिंगोलीचे राहते घर. सपनाला मी शिकले तेच शिकायचे आहे. यंदा दिल्लीच्या एका विद्यापीठात तिला प्रवेशही मिळाला होता. भीमराजने तिला वाशिमला नर्सिंगला टाकले. मी जाब विचारला तर म्हणाला, "आत्या, मेलेल्या लोकायच्या भाषा शिकून काय करणार हाय पोरगी? तुमी शिकलात, काय झालं?"

भीमराज, निदान तुझ्या दारात जेवायला बसले नाही, एवढे झाले.

घर थेट सपनाच्या नावे केले तर मी गेल्यावर माझ्या पुण्यानुमोदनाच्या मंडपातच तो तिच्यापुढे बक्षीसपत्र धरील आणि ती सही करील. म्हणून घर माझे जुने सहकारी रूपसिंग राठोड यांच्या ताब्यात राहील. भाड्यातून त्यांनी सपनाची फी भरावी. पदवीचा शेवटचा निकाल लागल्यावरच घर तिचे होईल. ती पंचविशीपर्यंत शिकायला गेलीच नाही, तर घर विकून पैसे मुलींच्या वसतिगृहाला द्यावेत. भीमराजला काही नाही.

राठोड सरांचे हृदय आधीच दोनदा दगा देऊन बसले आहे, हे मला माहीत आहे. दुसरे कोणी तयार झाले नाही. भीमराजशी वाकडे घ्यायला कोणालाच नको आहे.

४. आज दुपारी सपनाला हे वाचायला दिले. वाचून ती म्हणाली, "आजी, तुमी असताना मला जाता आलं न्हाई. तुमच्या माघारी पप्पांना कोण बोलणार?"

कलम तीन आहे तसेच ठेवले आहे.

वाचून, समजून सही केली.

ज. भि. खिल्लारे

साक्षीदार:
१. मंजुषा वैजनाथ कदम, शेजारीण (सही)
२. ग्यानोबा संतराम ढोले, निवृत्त लिपिक (सही)

हिंगोली, १९ ऑक्टोबर २०२५